मोटर तीच, चेसिस तीच: टीटी-०२ च्या ड्राइव्हट्रेनच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भोसरीत मी ज्या टूलरूममध्ये काम करतो तिच्या मागचे काँक्रीटचे आवार रविवारी रिकामे असते, आणि पावसाळा संपल्यापासून आम्ही पाच जण तेथे रिमोटने चालणाऱ्या १/१० आकाराच्या टूरिंग गाड्या चालवतो. जुन्या होज पाइपने आखलेली फेरी सुमारे ९० मीटरची असून सर्वात लांब सरळ पट्टा २८ मीटरचा आहे. नियम मोजकेच आहेत: १७.५ वेढ्यांची सेन्सर असलेली ब्रशलेस मोटर, स्पीड कंट्रोलरवर शून्य टायमिंग (म्हणजे इलेक्ट्रॉनिक मार्गाने वाढवलेला वेग नाही), दोन सेलची लाइपो बॅटरी आणि रबरी टायर. मोटरची ताकद सर्वांची जवळपास सारखीच असल्यामुळे फरक पडतो तो जोराच्या मोटरपासून चाकापर्यंतच्या प्रवासात, म्हणजे ड्राइव्हट्रेनमध्ये, आणि या नोंदी तेवढ्याच प्रवासाच्या आहेत.

आमची गाडी म्हणजे टामियाची टीटी-०२. चारही चाकांना शाफ्टने जोर मिळतो. गाडी भाचा चालवतो, दुरुस्ती मी करतो. आजच्या दहा फेऱ्यांची सरासरी १७.० सेकंद आणि सर्वात वेगवान फेरी १६.२ सेकंद आली, तर गटातली सर्वात वेगवान गाडी सरासरी १५.१ वर होती. भाचा म्हणाला, "मामा, वळणातून बाहेर आल्यावर मी त्यांच्या बरोबरच असतो, पण पट्टा अर्धा संपला की माझी गाडी ओरडते आणि पुढे जात नाही." गाडी ओरडते याचा अर्थ मोटर तिच्या कमाल फेऱ्यांना पोहोचली आहे, म्हणजे गिअर फार आखूड आहे, असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष बरोबर होता, परंतु त्यावरून मी कामाचा जो क्रम ठरवला तो चुकला आणि त्यात तीन आठवडे गेले.

हिशेब असा आहे. किटमध्ये ७० दातांचा स्पर (मोटरने फिरणारा मोठा गिअर) आणि २२ दातांचा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर) येतो. पुढे डिफरन्शियलच्या (थोडक्यात डिफ, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) मोठ्या गिअरला ३९ आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला १५ दात आहेत, म्हणजे आतले गुणोत्तर २.६. एकूण गुणोत्तर ७० भागिले २२ गुणिले २.६, म्हणजे ८.२७ झाले. टायरचा व्यास कॅलिपरने ६३ मिमी भरला, म्हणून परीघ १९८ मिमी, आणि मोटरच्या एका फेऱ्यात गाडी २३.९ मिमी पुढे सरकते. १७.५ वेढ्यांच्या मोटरसाठी हे अंतर फारच कमी आहे.

१० नोव्हेंबर, रविवार

६८ दातांचा स्पर, लांब खाचेचा धातूचा मोटर माउंट आणि २५, २७ व २९ दातांचे तीन स्टीलचे पिनियन मागवले होते. माउंटचे ११५० रुपये, स्परचे ३५० आणि पिनियनचे ८४० रुपये झाले. पिनियन बसवून हाताने फिरवताच खरखर जाणवली. मेश (दोन गिअरच्या दातांमधली पकड) सैल केला तरी खरखर गेली नाही, उलट गिअर काही जागी अडकू लागला. घाईत मी "थोडा चालला की बसेल" असे म्हणून गाडी मैदानात उतरवली, आणि तिसऱ्या फेरीत स्परचे अकरा दात सोलून निघाले.

चूक पूर्णपणे माझी होती. मॉड्यूल आणि पिच ही दातांच्या आकाराची दोन मापे. टीटी-०२ चे गिअर ०.६ मॉड्यूलचे आहेत आणि मी घेतलेले पिनियन ४८ पिचचे होते. २५.४ ला ४८ ने भागले की मॉड्यूल ०.५२९ येते. डोळ्यांना दोन्ही दात सारखेच दिसतात, परंतु ते एकमेकांत कधीच नीट बसत नाहीत. दिवसभर गिअरचे ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाने पाकिटावरचा आकडा वाचला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने पिनियन घेताना दातांच्या संख्येआधी मॉड्यूल पाहावे. १५ दातांचा असो वा ३०, चुकीच्या मॉड्यूलचा पिनियन निरुपयोगीच ठरतो. ११९० रुपये आणि एक रविवार वाया गेला.

१७ नोव्हेंबर, रविवार

०.६ मॉड्यूलचे पिनियन आणि नवा स्पर आला. मी थेट २९ दातांचा बसवला, म्हणजे गुणोत्तर ६.१० आणि मोटरच्या एका फेऱ्यात ३२.५ मिमी. मेश या वेळी वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरमध्ये दाबून, मोटर घट्ट करून आणि मग पट्टी काढून लावला.

पहिल्या चार फेऱ्या सुंदर झाल्या. सरळ पट्ट्यावर गाडी आता ओरडत नव्हती आणि एक फेरी १५.७ मध्ये आली. त्यानंतर वेळ सारखी वाढत गेली आणि पाचव्या मिनिटाला भाच्याने गाडी स्वतःहून बाजूला घेतली. इन्फ्रारेड थर्मामीटरने मोटरचे तापमान ९७ अंश सेल्सिअस दाखवले. मी ८० अंशांवर मोटर जाऊ देत नाही, कारण तापलेल्या रोटरचे चुंबकत्व कायमचे कमी होऊ शकते आणि मग कोणताही गिअर लावला तरी ती मोटर पूर्वीसारखी ओढत नाही. या वेळी ती वाचली.

याच जातीची मोटर, याच मैदानात, गटातल्या दुसऱ्या टीटी-०२ वर ६.५५ च्या गुणोत्तराने ७० अंशांच्या आत राहते. २९ ऐवजी २७ दात लावल्याने २५ अंशांहून अधिक फरक पडणे मला पटेना. म्हणजे मोटरचा जोर चाकापर्यंत पोहोचण्याआधीच कुठेतरी खर्च होत होता, आणि मी लांब गिअर लावून त्या घर्षणावर मोटरला आणखी कमी यांत्रिक फायद्याने झुंजवत होतो. गिअर बदलण्याचे काम आज थांबवले.

२० ते २३ नोव्हेंबर

फेरीच्या वेळेवर चालकाचा हात, टायरची धूळ आणि बॅटरीची भर यांचा परिणाम होतो, म्हणून घर्षण मोजण्यासाठी स्वतंत्र चाचणी हवी होती. टूलरूममध्ये दोन चाचण्या ठरवल्या आणि पुढची सर्व कामे त्यांच्यावरच तपासली.

पहिली चाचणी उताराची. १५ सेंमी उंच टेकवलेल्या प्लायवूडच्या फळीवरून गाडी सोडायची आणि सपाट फरशीवर ती किती अंतर जाऊन थांबते ते मोजायचे. यासाठी पिनियन काढून ठेवावा लागतो, कारण मोटरमधल्या चुंबकांची अडखळ गिअरच्या घर्षणावर झाकण घालते. पाच वेळा सोडून मधले माप घेतो. आजचे माप १.९ मीटर. दुसरी चाचणी विद्युत प्रवाहाची. गाडी स्टँडवर, चारही चाके हवेत, थ्रॉटल पूर्ण, आणि बॅटरी व स्पीड कंट्रोलरच्या मध्ये वॉटमीटर. प्रवाह ४.१ अँपिअर आला. मोटर सुटी काढून फिरवली तेव्हा १.७ अँपिअर आला. म्हणजे नुसती गिअर आणि शाफ्टची साखळी फिरवायलाच २.४ अँपिअर जात होते, आणि तेही चाकांवर काहीच वजन नसताना.

गाडी पूर्ण उघडली. आम्ही पहिल्यांदा किट जोडताना त्यात आलेले बुशच (बॉल बेअरिंगऐवजी वापरायच्या साध्या कड्या) बसवले होते आणि दोन वर्षे ते तसेच राहिले होते. चाकांच्या बाजूचे बुश काँक्रीटच्या धुळीने लंबगोल झिजले होते आणि त्यातून ऍक्सल डुगडुगत होता. सर्व जागी ५ मिमी भोक, ११ मिमी बाह्य व्यास आणि ४ मिमी जाडीची बॉल बेअरिंग बसवली. संचाचे ८५० रुपये पडले. आतले गिअर धुऊन जुने घट्ट ग्रीस काढले, कारण पहिल्या जोडणीच्या वेळी मी उत्साहाने ते इतके भरले होते की गिअरबॉक्सच्या भिंतींवर त्याचा थर जमला होता.

उतारावर गाडी ३.३ मीटर गेली आणि प्रवाह ३.० अँपिअरवर आला.

२४ नोव्हेंबर, रविवार

२७ दातांचा पिनियन, गुणोत्तर ६.५५. दहा फेऱ्यांची सरासरी १५.९. पाच मिनिटांनंतर मोटर ७८ अंश. समाधान वाटले, परंतु गिअरबॉक्समधून थ्रॉटल देताना व सोडताना येणारा कर्कश आवाज तसाच होता.

३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर

हे दोन दिवस फक्त शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या) लावण्यात गेले, आणि या सबंध कामातला सर्वात फलदायी वेळ हाच होता, म्हणून सविस्तर लिहितो.

टीटी-०२ मध्ये मोटर गाडीच्या लांबीच्या दिशेने बसते आणि स्पर थेट मधल्या लांब शाफ्टवर असतो. त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना जोराची दिशा काटकोनात वळवण्याचे काम १५ आणि ३९ दातांची बेव्हल (शंकूच्या आकाराच्या गिअरची) जोडी करते. सरळ दातांच्या गिअरला थोडा सैलपणा चालतो, परंतु बेव्हल जोडीत दोन्ही गिअर एकमेकांच्या किती जवळ आहेत त्यावर दातांचा संपर्क टोकाला होणार की मध्यावर हे ठरते. माझ्या गाडीत डिफ त्याच्या दोन बेअरिंगमध्ये आडवा सुमारे ०.४ मिमी हलत होता. थ्रॉटल दिला की तो पिनियनपासून दूर सरकायचा, आणि म्हणूनच आवाज यायचा.

कारखान्यात बेव्हल जोडी तपासताना आम्ही दातांना ब्लू (संपर्काचा डाग उमटवणारा निळा रंग) लावतो आणि फिरवून डाग पाहतो. तेच येथे केले. मोठ्या गिअरच्या दातांवर पातळ थर लावून हाताने दहा फेरे दिले, तेव्हा डाग दाताच्या अगदी बाहेरच्या कडेला एका रेषेइतका दिसला. म्हणजे सगळा जोर दाताच्या कडेवर येत होता.

मोठ्या गिअरच्या विरुद्ध बाजूला, डिफ आणि बेअरिंग यांच्यामध्ये ५ मिमी भोकाची ०.२ मिमीची शिम घातली, म्हणजे डिफ पिनियनकडे ढकलला गेला. पुढच्या गिअरबॉक्समध्ये डाग दाताच्या मध्यावर आला आणि चाक हाताने मऊ फिरू लागले. मागेही तेवढीच घातली आणि झाकण लावण्यापूर्वी सर्व काही उत्तम वाटले. गाडी जोडून स्टँडवर ठेवली तर प्रवाह ३.६ अँपिअर, म्हणजे आधीपेक्षा वाईट. दोन तास मी शाफ्ट, बेअरिंग आणि मोटर तपासत बसलो. शेवटी मागच्या झाकणाचे स्क्रू अर्धा फेरा सैल करताच प्रवाह खाली आला, तेव्हा उलगडा झाला. झाकण घट्ट झाल्यावर प्लास्टिकची घरे बेअरिंगला आत ढकलतात आणि ०.२ ची शिम तेथे जास्त होते. मागे ०.१ मिमीची शिम घातली आणि सर्व स्क्रू शेवटच्या ताणापर्यंत आवळून पुन्हा तपासले. डिफ तपासायचा तो झाकण पूर्ण आवळूनच. उघड्या गिअरबॉक्समध्ये हाताला जे जाणवते त्यावर विसंबता येत नाही.

मधल्या शाफ्टवर डायल गेज लावले तेव्हा मध्यभागी ०.३५ मिमीचा फेर (फिरताना होणारी डगमग) दिसला. शाफ्ट वाकलेला नव्हता. एका टोकाच्या प्लास्टिकच्या जोडावर साच्याची बारीक कड राहिली होती आणि त्यामुळे शाफ्ट किंचित तिरका बसत होता. कड ब्लेडने काढल्यावर फेर ०.१ वर आला. दातांना टेफ्लॉनचे पातळ ग्रीस बोटाच्या टोकावर मावेल इतकेच लावले.

उतारावर ४.४ मीटर, प्रवाह २.४ अँपिअर. मोटरचे १.७ वजा केले तर साखळीचे घर्षण आता ०.७ अँपिअर राहिले, म्हणजे सुरुवातीच्या एक तृतीयांशाहून कमी. शिमच्या पाकिटाचे १८० रुपये झाले होते.

रविवारी संध्याकाळी फक्त एक बॅटरी चालवता आली. सरासरी १५.४, मोटर ६६ अंश.

८ डिसेंबर, रविवार

उताराचे माप अचानक ३.५ मीटरवर आले. याचेही कारण माझा उत्साह. उतारावर आणखी थोडे अंतर मिळावे म्हणून मी आठवड्यात चाकांच्या बेअरिंगच्या सील काढून, आतले ग्रीस ब्रेक क्लीनरने धुऊन, फक्त पातळ तेलाचा थेंब टाकला होता. त्या दिवशी गाडी ४.९ मीटर गेली आणि मी खूश झालो. परंतु आमचे मैदान गालिचाचे नाही, सिमेंटची भुकटी उडणारे काँक्रीट आहे, आणि एका सकाळच्या चालवण्यात पुढची दोन बेअरिंग दाणेदार होऊन अडकू लागली. नवी घेतली, २२० रुपये. आता चाकांच्या बेअरिंगला रबरी सील आणि मूळ ग्रीस दोन्ही ठेवतो, आणि गिअरबॉक्सच्या आतल्या बंद जागेतच हलके तेल वापरतो. उतारावरचे अर्ध्या मीटरचे अंतर मैदानात कधीच दिसले नव्हते.

याच धुळीमुळे मी शाफ्टऐवजी पट्ट्याने (बेल्टने) चाके फिरवणारी गाडी घेण्याचा विचारही मागे ठेवला. गटातल्या एकाकडे दोन पट्ट्यांची गाडी आहे, २० दातांची पुली ३८ दातांच्या पुलीला फिरवते, आतले गुणोत्तर १.९. ती साखळी आमच्या शाफ्टपेक्षा निश्चितच हलकी व शांत फिरते, आणि बेव्हल जोडीचा काटकोन तिच्यात नाहीच. परंतु तिच्या पुल्या उघड्या आहेत आणि त्यात अडकलेला एक खडा पट्ट्याचे दात सोलतो, हे मी दोनदा पाहिले आहे. टीटी-०२ चे गिअर बंद पेटीत राहतात. काँक्रीटवर मला तेच हवे आहे.

१५ डिसेंबर, रविवार

घर्षण आवाक्यात आल्यावर डिफकडे वळलो. भाच्याची तक्रार आता वेगळी होती: उजवीकडच्या घट्ट वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर थबकते. मोबाइलवर सावकाश गतीचे चित्रण केले, तेव्हा आतले पुढचे चाक हवेत हलके होऊन भरकन फिरताना स्पष्ट दिसले. मूळ डिफमध्ये तीन छोटे बेव्हल गिअर आणि ग्रीस असते. ज्या चाकावर भार नाही तिकडे जोर वाहून जातो.

तेल भरता येणारे दोन सीलबंद डिफ आणले, प्रत्येकी २३०० रुपये, आणि सिलिकॉन तेलाच्या दोन बाटल्या, ११०० रुपये. पुढे १,००,००० सेंटिस्टोक (तेलाच्या घट्टपणाचे एकक) आणि मागे ५,००० भरले. चार फेऱ्यांनंतर मागच्या गिअरबॉक्सच्या फटीतून तेल झिरपू लागले आणि दहाव्या फेरीपर्यंत मागचे एक टायर तेलकट झाले. गाडी वळणात फिरून होज पाइपवर आदळली आणि पुढचा एक हात तुटला.

उघडल्यावर तीन चुका सापडल्या. तेल मी काठोकाठ भरले होते, त्यामुळे झाकण बसवताना जास्तीचे तेल गॅस्केटखाली शिरले आणि गरम झाल्यावर त्याला फुगायला जागाच उरली नाही. ओ-रिंग कोरड्या बसवल्या होत्या आणि एक बसवताना पिळली गेली होती. तिसरे म्हणजे स्क्रू एका बाजूने ओळीने आवळले होते, समोरासमोर नव्हे, आणि एका स्क्रूचे प्लास्टिकमधले आटे गेले होते. नवे आवरण ४५० रुपये, हात ३०० रुपये.

२१ व २२ डिसेंबर

दोन्ही डिफ पुन्हा बांधले. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून त्या हाताने फिरवून बसवल्या. तेल आतल्या आडव्या पिनांना जेमतेम झाकेल इतकेच भरले आणि गिअर हळूहळू फिरवून हवा वर येऊ दिली. मागच्या पातळ तेलाला अर्धा तास पुरला, पुढच्या घट्ट तेलातले बुडबुडे निघायला मात्र रात्र जावी लागली. भरण्याआधी आणि नंतर सोनाराच्या काट्यावर वजन घेऊन डब्यावर लिहून ठेवले, म्हणजे पुढच्या वेळी तेच प्रमाण भरता येईल. स्क्रू समोरासमोर, तीन टप्प्यांत आवळले. गळती थांबली.

रविवारी पुढच्या डिफमध्ये तीन तेले आजमावली. १,००,००० वर आतले चाक अजूनही थोडे फिरत होते. ५,००,००० वर वळणातून बाहेरची ओढ फार चांगली मिळाली, परंतु थ्रॉटल सोडून वळणात शिरताना गाडीचे तोंड बाहेर जाऊ लागले, कारण पुढची दोन्ही चाके जवळजवळ एकत्र फिरत होती आणि आमची वळणे घट्ट आहेत. ३,००,००० वर भाचा म्हणाला, "हे राहू दे, मामा." मागे ५,००० ऐवजी ३,००० घातल्यावर धुळीच्या जागी शेपूट शांत राहिले. प्रत्येक बदलाला गाडी उघडून जोडायला पन्नास मिनिटे लागली, म्हणून एका दिवसात याहून जास्त तपासण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

सरासरी १४.९.

२९ डिसेंबर, रविवार

पुढच्या चाकांच्या डॉगबोनऐवजी (डिफला चाकाशी जोडणाऱ्या साध्या दांड्यांऐवजी) युनिव्हर्सल जोडाचे शाफ्ट बसवले, २४०० रुपये. पुढचा डिफ घट्ट झाल्यापासून पूर्ण वळवलेल्या चाकांत जी थरथर येत होती ती बरीच कमी झाली. फेरीची वेळ बदलली नाही. भाच्याला गाडी चालवणे सोपे वाटते, आणि माझ्या मते एवढ्यासाठी खर्च योग्य आहे, परंतु पैसे मोजके असतील तर हा भाग सर्वात शेवटी घ्यावा.

५ जानेवारी २०२५, रविवार

ज्या २९ दातांच्या पिनियनने १७ नोव्हेंबरला मोटर ९७ अंशांवर नेली होती, तोच आज पुन्हा बसवला. मोटर, बॅटरी आणि स्पीड कंट्रोलर सर्व तेच, सकाळ मात्र नोव्हेंबरपेक्षा चार-पाच अंश थंड होती. पाच मिनिटांनंतर मोटर ७४ अंश. दहा फेऱ्यांची सरासरी १४.७, सर्वात वेगवान फेरी १४.३. पहिल्या दिवशीच्या सर्वात वेगवान गाडीची आजची सरासरी १४.८ होती.

या नऊ आठवड्यांत सुमारे १३,००० रुपये खर्च झाले. त्यातले जवळपास २,२०० माझ्या चुकांचे आहेत. पाठोपाठच्या दोन फेऱ्यांनंतर मेश पुन्हा कागदाने तपासला, कारण लांब खाचेच्या माउंटमध्ये मोटर धक्क्याने सरकू शकते. ती सरकलेली नव्हती. स्परच्या दातांवर एका बाजूला चमक दिसू लागली आहे, म्हणून पुढच्या रविवारी चालवण्याआधी तो काढून त्याची झीज मोजणार आहे.